आधी इसार, मग खरेदी

(सामुदायिक रेडिओवर प्रसारित झालेलं भाषण)



बचत गटांच्या बैठकांना आम्ही जातो तेव्हा उद्योगाच्या कल्पना पुष्कळ ऐकायला मिळतात. पापड, मसाले, शेवया, शिवणकाम हे तर असतंच. अलीकडे आणखी एक कल्पना दोन-तीन ठिकाणी कानावर आली. गावात कबड्डीचे, खो-खोचे संघ आहेत. शाळेच्या मुली तालुक्याला खेळायला जातात. पण अंगावर सारखे कपडे नसतात. एकीचा टी-शर्ट लाल, दुसरीचा पिवळा, तिसरी भावाचा शर्ट घालून आलेली. मग गटानं जर्सी, हाफ पँट, स्लॅक्स, ट्रॅक सूट असे खेळाचे कपडे घ्यावेत आणि भाड्यानं द्यावेत. मंडप देतात, लग्नाची भांडी देतात, तसंच.

कल्पना चांगली आहे. पण कल्पना चांगली म्हणून गिऱ्हाईक येईलच असं नाही. आणि कपडे घ्यायला पैसे लागतात. ते पैसे कुणाचे? दर महिन्याला शंभर-दोनशे रुपये बाजूला टाकणाऱ्या दहा-बारा बायांचे. नाहीतर गटाच्या नावावर घेतलेल्या कर्जाचे, ज्याचा हप्ता कपडे भाड्यानं गेले तरी भरायचा आणि पेटीत पडून राहिले तरी भरायचा. म्हणून आज एवढंच बोलू : कपडे विकत घेण्याआधी गिऱ्हाईक आहे की नाही, हे कसं तपासायचं. इथं उदाहरण खेळाच्या कपड्यांचं आहे. पण तुमचा विचार दुसऱ्या कुठल्या धंद्याचा असला, तरी रीत हीच लागू पडते.

ही कल्पना सुचते ती का?

सुचण्यासारखं कारण आहे. शाळांच्या क्रीडा स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा चढत जातात. वयोगट तीन : १४, १७ आणि १९ वर्षांखालील. पोरगी आठवीत असताना घेतलेली जर्सी दहावीत तिला होत नाही. वर्षातून दोन-चार दिवस घालायच्या कपड्यासाठी पाचशे रुपये काढणं आईला जड जातं. शिवाय २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि टीव्हीवर रंगीत, नंबर टाकलेल्या जर्सी दिसायला लागल्या. तेव्हापासून गावच्या पोरांनाही तशीच हवी असते.

मुलींच्या बाबतीत तर गोष्ट याहून मोठी आहे. खेळाडूंना दहावी-बारावीला नियमाप्रमाणे सवलतीचे गुण मिळतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पण कपड्यांचा खर्च नको, किंवा अंगभर कपडे नाहीत म्हणून घरचे पाठवत नाहीत, तर पोरगी तालुक्याच्या मैदानाआधीच मागे राहते. त्यामुळे हा धंदा नीट चालला तर गटाला पैसा मिळेल आणि पोरींना मैदान मिळेल. नीट चालला नाही, तर गटावर कर्ज राहील आणि दोन बायांचं बोलणं बंद होईल. दोन्ही बाजू मोठ्या आहेत, म्हणून तपासायचं.

‘छानच आहे’ म्हणजे मागणी नव्हे

बहुतेक गट काय करतात? चार ओळखीच्या बायांना विचारतात, ‘आम्ही खेळाचे कपडे भाड्यानं दिले तर घ्याल का गं?’ त्या म्हणतात, ‘घेऊ की! छानच आहे.’ झालं, गटाला वाटतं मागणी आहे.

सख्यांनो, आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. जाऊबाई, शेजारीण, नणंद कशाला तुमचं मन मोडतील? आणि ‘घ्याल का’ या प्रश्नाला हो म्हणायला पैसे पडत नाहीत. म्हणून ‘घ्याल का’ असं विचारूच नका. मागच्या वर्षी काय झालं ते विचारा. पुढच्या वर्षी काय करू हे माणूस मनानं सांगतो. मागच्या वर्षी काय केलं ते त्याला आठवून सांगावं लागतं, आणि त्यात खरं निघतं.

शाळेतल्या क्रीडाशिक्षकांकडे गेलात तर असं विचारा :

‘सर, मागच्या वर्षी मुलींचा संघ तालुक्याला गेला, तेव्हा कपडे कुठून आणले?’

‘किती खर्च आला? तो कुणी दिला? शाळेनं, पालकांनी, की तुम्ही खिशातून?’

‘कपड्यांवाचून कुणी मुलगी राहिली का?’

‘ते कपडे आता कुठं आहेत?’

हा शेवटचा प्रश्न विसरू नका. सरांनी कपाट उघडून जुना संच दाखवला, तर त्या शाळेला तुमची गरज नाही. ‘कपडे मुलांनी घरी नेले, आता काही सांगता येत नाही,’ असं म्हणाले, तर तिथं गरज असू शकते. ‘आम्ही दुसऱ्या शाळेकडून उसने आणले,’ असं म्हणाले, तर तुमच्यासमोर एक प्रश्न आहे : जे फुकट उसनं मिळतं, त्याचे पैसे ते का देतील? याचं उत्तरही सरांकडूनच काढा. कदाचित उसने कपडे वेळेवर मिळत नसतील. कदाचित मापाचे नसतील.

शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. पण अनुभवी बाई वरचं शीत घेत नाही, पळी आत घालून मधलं काढते. तसंच इथं. नुसत्या आपल्या घरच्या, आपल्या आळीतल्या माणसांना विचारू नका. चार गावांतल्या शाळा, दुसऱ्या वाडीचं मंडळ, तुम्हाला न ओळखणारे लोक यांना विचारा. त्यांना तुमचं मन राखायचं कारण नाही.

घालणारी एक, ठरवणारा दुसरा, पैसे देणारा तिसरा

खेळाच्या कपड्यात ही गंमत आहे. जर्सी घालते पोरगी. घ्यायची की नाही हे ठरवतात सर. पैसे देतो बाप, नाहीतर शाळा. तिघांपैकी एकानं नाही म्हटलं की काम थांबलं. म्हणून तिघांनाही वेगवेगळं भेटायला हवं. गिऱ्हाइकांचे गटही वेगळे वेगळे पाहू.

पहिलं, गावातलं तरुण मंडळ. पोरं उत्साहानं सांगतील, ‘ताई, जर्सी पाहिजेतच!’ पण मंडळाच्या जर्सी बहुतेक कुणीतरी पुरस्कृत करतं. पुढारी देतो, दुकानदार देतो, पाठीवर त्याचं नाव छापतो. पोरांना त्या फुकट मिळतात आणि घरी न्यायलाही मिळतात. मग ते भाडं कशाला देतील? विचारून खात्री करा, पण या गिऱ्हाइकावर भिस्त ठेवू नका.

दुसरं, पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली. पहाटे रस्त्यानं पळताना आपण त्यांना बघतो. संख्या मोठी वाटते. पण त्यांना कपडे आणि बूट रोज लागतात, महिनोन्‌महिने लागतात. रोज लागणारी वस्तू माणूस विकत घेतो. कधीतरी लागणारी, महाग आणि घरात जागा अडवणारी वस्तू भाड्यानं घेतो. हा नियम मोठ्या कढईला लागू आहे, तसा कपड्यालाही.

तिसरं, शाळेचे संघ. इथं आशा आहे. वापर कधीतरीचा, मुलं वाढती, आणि संघ सारखा दिसला पाहिजे ही गरज खरी.

चौथं, कवायत, लेझीम आणि स्नेहसंमेलन. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, शिवजयंती या दिवशी एकदम तीस-चाळीस मुलांना सारखा पोशाख लागतो. स्नेहसंमेलनाचे कपडे तालुक्याच्या ड्रेपरीवाल्याकडून आणतातच. म्हणजे या गिऱ्हाइकाला भाडं देण्याची सवय आहे. सवय असलेलं गिऱ्हाईक मिळणं म्हणजे निम्मं काम झालं. फक्त ड्रेपरीवाल्यापेक्षा तुमच्याकडे का यावं, याचं उत्तर तयार हवं. जवळ आहात? कपडा स्वच्छ आहे? मुलींच्या मापाचा आहे? आधी एकदा त्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून जाऊन या. दर विचारा, अनामत किती घेतात ते विचारा, कपडा हातात घेऊन बघा.

बारा महिन्यांचा कागद

आता एक मोठा कागद घ्या. त्यावर बारा महिन्यांच्या बारा चौकटी पाडा. प्रत्येक चौकटीत त्या महिन्यात कुणाला कपडे लागतात ते लिहा. पावसाळ्यात आणि त्यापुढे शाळांच्या स्पर्धा. २९ ऑगस्टला मेजर ध्यानचंद यांच्या जन्मदिवसाचा राष्ट्रीय क्रीडा दिन. डिसेंबर-जानेवारीत शाळांची क्रीडा सप्ताह आणि संमेलनं. १९ फेब्रुवारीला शिवजयंती. पुढं चैत्रापासून गावोगावच्या जत्रा आणि त्यातले सामने. मे महिन्यात शिबिरं.

कागद भरला की एक गोष्ट दिसेल. २६ जानेवारीला पाच शाळा कपडे मागतील, पण तुमच्याकडचा एक संच त्या दिवशी एकाच शाळेला जाईल. बाकी चार जणांना परत पाठवावं लागेल. पाचही जणांना द्यायचं तर पाच संच घ्यावे लागतील, आणि ते २७ जानेवारीपासून पडून राहतील. म्हणजे एकाच दिवशी येणारी मागणी बघायला मोठी, पण भाड्याच्या धंद्याला तिचा उपयोग थोडा.

याउलट तालुक्याच्या स्पर्धा वेगवेगळ्या दिवशी असतात. आज कबड्डी, दोन दिवसांनी खो-खो. तोच संच पुन्हा पुन्हा जाऊ शकतो. अर्थात अडचणी इथंही आहेत. १४ वर्षांखालच्या मुलीची जर्सी १९ वर्षांखालच्या मुलीला बसत नाही. स्पर्धेच्या तारखा आयत्या वेळी बदलतात. आणि पावसाळ्यात मातीच्या मैदानावरून आलेले कपडे धुऊन एका दिवसात वाळत नाहीत. म्हणून दोन भाड्यांच्या मध्ये किमान दोन दिवस सोडून हिशेब करा.

भाड्याच्या धंद्यात ‘किती जणांना हवंय’ यापेक्षा ‘एक संच वर्षातून किती वेळा बाहेर जाईल’ हा प्रश्न मोठा. हा आकडा लक्षात ठेवा. पुढं तोच लागणार आहे.

तीन पायऱ्या

आता प्रत्यक्ष तपासणी. ती तीन पायऱ्यांनी करा. प्रत्येक पायरीला गिऱ्हाइकाला थोडं जास्त द्यावं लागतं. आधी वेळ, मग थोडे पैसे, मग पूर्ण भाडं.

पहिली पायरी, विचारपूस. गटातल्या दोघी-दोघींच्या जोड्या करा. एका जोडीनं पाच ठिकाणी जायचं. एकीनं बोलायचं, दुसरीनं वहीत लिहायचं. काय लिहायचं? कोण भेटलं, मागच्या वेळी काय केलं, किती खर्च झाला, कुणी दिला, अडचण काय आली. ‘प्रतिसाद चांगला’ असं लिहू नका. त्यातून काही कळत नाही. माणसाचे शब्द जसेच्या तसे लिहा.

दुसरी पायरी, नमुना आणि इसार. जनावर घेताना, जमीन घेताना इसार देतात. इसार दिला म्हणजे माणूस बोलण्यावरून व्यवहारावर आला. इथंही तेच करा. होलसेल दुकानातून जर्सी, हाफ पँट आणि स्लॅक्स यांचा एकच नमुना आणा. मोबाईलवर फोटो काढा. एका कागदावर दर, अनामत आणि नियम लिहा. पहिल्या पायरीत ज्यांची अडचण खरी वाटली, त्यांच्याकडे पुन्हा जा. ‘सर, एका दिवसाचं भाडं इतकं. तारीख धरायची तर १०० रुपये इसार.’ मग गप्प बसा आणि बघा काय होतं. ‘कळवतो’ म्हणाले तर ते नाही समजा. तारीख सांगून शंभराची नोट काढली, तर ती मागणी.

इथं एक गोष्ट कटाक्षानं पाळा. कपडे अजून घेतलेले नाहीत हे इसार घेताना स्पष्ट सांगा. ‘अमुक तारखेपर्यंत पुरेशी मागणी आली तरच आम्ही कपडे घेणार. नाही आली तर इसार परत.’ पावती द्या. ते पैसे वहीत वेगळे दाखवा आणि खर्च करू नका. गावात गटाचं नाव हेच आपलं भांडवल आहे. ते पणाला लावायचं नाही.

तिसरी पायरी, एकच संच. इसार पुरेसे आले तर एक संच घ्या आणि एक हंगाम चालवून बघा. प्रत्येक वेळी लिहा : कुणी नेला, किती दिवसांनी परत आला, किती कपडे आले, डाग किती, फाटलं काय, भाडं पूर्ण मिळालं की उधार राहिलं, आणि तेच गिऱ्हाईक पुन्हा आलं का. एकदा नेणारा कौतुकापोटी नेतो. दुसऱ्यांदा आला तर त्याला खरंच उपयोग झाला.

अशी पायरीपायरीनं तपासणी मोठ्या कंपन्यांनीही केली आहे. अमेरिकेत रेंट द रनवे नावाची कंपनी आहे. पार्टीचे महागडे कपडे ती बायकांना भाड्यानं देते. २००९ साली जेनिफर हायमन आणि जेनिफर फ्लाइस या दोन विद्यार्थिनींनी ती काढली. मोठी खरेदी करण्याआधी त्यांनी थोडे कपडे घेतले आणि कॉलेजातल्या मुलींपुढं मांडले. पहिल्यांदा मुलींना कपडे घालून बघू दिले. दुसऱ्यांदा नुसते बघू दिले, घालून बघायला दिले नाहीत. तिसऱ्यांदा तर फक्त फोटो दाखवले. प्रत्येक वेळी अट कडक केली आणि तरी मुली पैसे देतात का ते पाहिलं. भाड्यानं गेलेले कपडे कुठल्या अवस्थेत परत येतात, तेही पाहिलं. त्यांचा माल वेगळा, गिऱ्हाईक वेगळं. पण आपल्याला घेण्यासारखी गोष्ट एकच : माणसं काय म्हणतात ते ऐकून त्या थांबल्या नाहीत, माणसं काय करतात ते त्यांनी पाहिलं.

हिशेब करून बघू

आता आकडे मांडू. हे आकडे समजण्यापुरते आहेत. तुमच्या बाजारातले दर वेगळे असतील, ते घालून हिशेब तुम्ही करा.

कबड्डीत मैदानात ७ खेळाडू आणि राखीव ५, म्हणजे १२ जणींचा संघ. एका मुलीची जर्सी, हाफ पँट आणि स्लॅक्स मिळून समजा ५०० रुपये. १२ जणींचा संच ६,००० रुपये.

भाडं एका मुलीमागं ५० रुपये धरू. एका वेळेचं भाडं ६०० रुपये. त्यातून साबण, दोरा-बटण, रिक्षा आणि कपडे धुणाऱ्या ताईची मजुरी मिळून १५० रुपये गेले. धुणं आपल्याच गटातली बाई करणार म्हणून तिची मजुरी सोडू नका. तिचेही हात दुखतात. हाती राहिले ४५० रुपये.

गटाचं अंतर्गत कर्ज घेतलं आणि व्याज महिना शेकडा १ रुपया असेल, तर ६,००० रुपयांवर वर्षाचं व्याज ७२० रुपये. म्हणजे एका वर्षात वसूल करायचे ६,७२०. भागिले ४५०. उत्तर येतं जवळपास १५. हा एक संच वर्षातून १५ वेळा बाहेर गेला, तर फक्त घातलेले पैसे परत मिळतील. नफा त्याच्या पुढं.

आता कुणी म्हणेल, एकदम दहा संच घेऊ, दुकानदार दर कमी करून देतो. दर तोच धरला तर दहा संचांना ६०,००० रुपये, आणि वर्षात १५० वेळा भाड्यानं गेले पाहिजेत. आता तो बारा महिन्यांचा कागद काढा. १५० वेळा? आपल्या पंचक्रोशीत एवढ्या शाळा, एवढे संघ, एवढे सामने आहेत का? दुकानदार दर कमी करेल. गिऱ्हाईक तो आणून देणार नाही.

हा हिशेब गटातल्या प्रत्येक बाईला कळला पाहिजे. नुसत्या अध्यक्ष आणि सचिवांना कळून चालणार नाही. जिला लिहिता येत नाही तिच्यासाठी चिंचोके घ्या. एक चिंचोका म्हणजे एकदा भाड्यानं गेलेला संच. पंधरा चिंचोके मांडा आणि प्रत्येकासमोर गिऱ्हाइकाचं नाव सांगा. जिथं नाव सुचायचं थांबेल, तिथं आपली मागणी थांबली.

आकडा आधी लिहून ठेवा

तपासायला निघण्याआधीच ठरवा की किती इसार आले तर पुढं जायचं. बैठकीत ठरवा, इतिवृत्तात लिहा, सगळ्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्या. उदाहरणार्थ : महिनाभरात ५ वेगवेगळ्या गिऱ्हाइकांचे इसार आले तर एक संच घ्यायचा. ३ किंवा ४ आले तर आणखी पंधरा दिवस फिरायचं. त्याहून कमी आले तर इसार परत करून थांबायचं.

आधी का लिहायचं? कारण दोन इसार हातात आले की मन म्हणायला लागतं, ‘सुरुवात तर झाली, बाकीचे येतील.’ जिनं कल्पना मांडली तिला माघार घ्यायला अवघड जातं. दुसरीला तिचं मन मोडवत नाही. मग सगळ्या मिळून खड्ड्यात उतरतात. आकडा आधी लिहिलेला असला, तर निर्णय वहीनं दिला असं होतं. कुणाचा कुणावर राग राहत नाही.

नकार नीट ऐका

तपासणीत ‘नाही’ पुष्कळ मिळतील. त्यांचं वाईट वाटून घेऊ नका, कारण विचारा. चार-पाच कारणं तर आम्ही आत्ताच सांगू शकतो.

‘दुसऱ्याच्या घामाचे कपडे कोण घालणार?’ हा आक्षेप बरोबर आहे. नायटा, गजकर्ण हे आजार न धुतलेल्या कपड्यांतून एकाचे दुसऱ्याला लागतात. म्हणून प्रत्येक वापरानंतर गरम पाण्यात साबणानं धुऊन, कडक उन्हात पूर्ण वाळवूनच कपडा पुढं द्यायचा. आतले कपडे ज्याचे त्यानं घालायचे. गिऱ्हाइकाला ही रीत सांगा, धुतलेला संच घडी घालून पिशवीत बांधून दाखवा. तरीही नाही म्हणाले तर ती मागणी नाही, हे मान्य करा.

‘बूटही द्याल का?’ मॅटवरच्या कबड्डीला बूट लागतात, मातीत अनवाणी खेळतात. पण बुटाची मापं अनेक, धुणं अवघड आणि पायाची बुरशी लागण्याची भीती. सुरुवातीला बुटांच्या वाटेला जाऊ नका.

‘आमची पोरगी हाफ पँट घालणार नाही.’ हे आईच्या तोंडून ऐकाल. तिच्याशी वाद घालू नका. हाफ पँटच्या आत पूर्ण लांबीची स्लॅक्स आणि थोडी लांब जर्सी दाखवा. आणि पोरींना आईसमोर नाही, शाळेत बाईंच्या मदतीनं वेगळं विचारा. कापड अंगाला चिकटतं का, पातळ आहे का, रंग कुठला हवा. पांढरा रंग पोरी का टाळतात ते आपल्याला सांगायला नको. एवढी एक गोष्ट आधी कळली, तरी बारा पांढऱ्या हाफ पँटचे पैसे वाचतात.

‘अनामत कशाला?’ शाळेकडून अनामत मिळत नसेल तर मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र चालेल का, ते गटानं ठरवावं. पण एक जर्सी हरवली तर भरपाई कोण देणार, हे आधी लिहिलेलं हवं. नंबराची एक जर्सी हरवली की अख्खा संच अपुरा होतो.

मागणी नाही असं दिसलं तर?

तर महिनाभराची पायपीट आणि एका नमुन्याचे पाचशे रुपये गेले. पण साठ हजारांचं कर्ज टळलं. ही कमाईच आहे.

शिवाय वह्या पुन्हा वाचा. लोकांनी जे सांगितलं त्यात दुसरी वाट दिसू शकते. कदाचित शाळांना भाड्याचे कपडे नको असतील, पण जुन्या संचाची दुरुस्ती आणि नंबर टाकून हवे असतील. गटात शिलाई मशीन असेल तर ते काम बिनभांडवली आहे. कदाचित खेळापेक्षा लेझमाच्या पोशाखाची गरज मोठी निघेल. आणि कदाचित दोन गावांच्या पोरींना खरंच कपडे हवेत पण पालकांना पन्नास रुपयेही जड आहेत, असं दिसेल. ती गरज खरी, पण तो धंदा नव्हे. ती गोष्ट शाळा व्यवस्थापन समितीत आणि ग्रामसभेत मांडा. गटाच्या कर्जावर ती उचलू नका.

पुढच्या बैठकीत एवढं करा

उमेदचा गट असो, माविमचा असो की तुमचा तुम्ही काढलेला, पुढच्या बैठकीत अर्धा तास यासाठी ठेवा. बारा महिन्यांचा कागद भरा. जोड्या पाडा आणि कोण कुठं जाणार ते ठरवा. चार प्रश्न पाठ करा. किती इसार आले तर पुढं जायचं तो आकडा इतिवृत्तात लिहा. तोवर दुकानाची पायरी चढू नका आणि कर्जाच्या अर्जावर सही करू नका. ग्रामसंघाच्या बैठकीत शेजारच्या गटांनाही सांगा, म्हणजे एकाच तालुक्यात चार गट तोच माल घेऊन बसायचे नाहीत.

महिनाभर फिरून झालं की वही घेऊन स्टेशनवर या. किती ठिकाणी गेलात, किती ‘छानच आहे’ मिळाले आणि किती इसार मिळाले, ते तुमच्याच आवाजात बाकीच्या सख्यांना ऐकवू.